थायरॉईडची गोळी : डोस वाढवायच्या आधी काय बघायचं

खलबत्ता (धागाकर्ता)

आरोग्याच्या कुठल्याही धाग्यावर दहा प्रतिसाद झाले की गाडी थायरॉईडच्या डोसवर येतेच, म्हणून हा वेगळा धागा. विषय फक्त हायपोथायरॉईडचा, म्हणजे ग्रंथी कमी काम करते तो. गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स वगैरे नावांनी मिळते ती.

डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, त्यात वाद नाही. पण ओपीडीत त्यांच्यासमोर टीएसएचचा आकडा तेवढा येतो. (टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचं हार्मोन. थायरॉईड कमी पडलं की ते वाढतं, जास्त झालं की उतरतं.) गोळी कधी, कशासोबत घेतली जाते हे त्यांना कोणी सांगत नाही. आकडा वाढलेला दिसतो, डोस वाढतो आणि मूळ गडबड तशीच राहते. पुढे कधीतरी ती आपोआप सुटते, म्हणजे लोहाच्या गोळ्या संपतात किंवा ॲसिडिटीची गोळी बंद होते. मग वाढवलेला डोस अंगावर येतो आणि धडधड सुरू होते.

गोळीतलं टी४ (थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन) रक्तात निम्मं व्हायला साधारण सात दिवस घेतं. त्यामुळे डोस बदलला की नवी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि पिट्यूटरी त्याच्याही मागून चालते. टेस्ट ६ ते ८ आठवड्यांनी करायची ती यासाठी. तिसऱ्या आठवड्यात घाईने केली तर टीएसएच अजून उतरणीवर असतो. तो "अजून वाढलेलाच आहे" म्हणून पुन्हा डोस वाढवला की हमखास जास्त होतो.

दुसरं, टी४ आणि टीएसएच यांचं नातं सरळ प्रमाणाचं नाही. फ्री टी४ (रक्तात मोकळं फिरणारं टी४) निम्मं झालं तर टीएसएच दुप्पट होत नाही, सुमारे शंभरपट होतो. म्हणून टीएसएच ६ वरून ३ वर आणायला डोस दुप्पट करायची गरज नसते. बहुतेक वेळा १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमचा फरक पुरतो.

तिसरं, वजनाचं गणित. दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला ९६, म्हणून १०० ची गोळी. हे गणित ग्रंथी काढून टाकलेल्यांचं किंवा ती पूर्ण बंद पडलेल्यांचं आहे. ग्रंथी अर्धीमुर्धी चालू असेल तर २५-५० वर भागतं. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर सुरुवात १२.५ ते २५ ने करून ४-६ आठवड्यांच्या टप्प्यांनी वर जायचं. तिथे एकदम १०० सुरू करणं धोक्याचं.

चहाबाज

उपयुक्त धागा. प्रश्न सरळ आहे, गोळीनंतर चहा किती वेळाने? पाकिटावर "उपाशीपोटी" एवढंच लिहिलेलं असतं. आमच्याकडे बरेचजण चहाच्या घोटाबरोबरच गोळी घेतात.

खलबत्ता

साध्या पाण्यासोबत घ्यायची, मग किमान अर्धा तास काही नाही. तासभर थांबलात तर उत्तम. कॉफीने शोषण कमी होतं हे नक्की दिसलेलं आहे. आपल्या चहात दूध असतं आणि दुधात कॅल्शियम, त्यामुळे चहालाही सूट नाही.

पण एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. कोणी पाच वर्षं रोज चहासोबतच गोळी घेत असेल आणि टीएसएच व्यवस्थित असेल, तर त्याचा डोस त्या चहासकट बसलेला आहे. हा धागा वाचून त्याने उद्यापासून तासभर आधी गोळी घेतली तर तो डोस वाढवल्यासारखाच होईल. सवय बदलणं म्हणजे डोस बदलणं. त्यामुळे एक तर आहे तशी सवय पक्की ठेवा, नाही तर बदला आणि ६ आठवड्यांनी टीएसएच करा. सगळ्यात वाईट ते आठवड्यात चार दिवस नीट आणि तीन दिवस चहासोबत घेणारे. त्यांचा टीएसएच कधी २ तर कधी ९ येतो आणि घरातले लॅबला नावं ठेवतात.

लॅबवाली

"लॅबला नावं ठेवतात" ला +१००.

आता लॅबच्या बाजूने. रक्त दर वेळी साधारण त्याच वेळेला द्या. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला दिलं तर डोस न बदलताही आकडा वेगळा दिसेल. टीएसएचसाठी उपाशी असायची गरज नाही, पण त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. गोळीनंतर काही तास फ्री टी४ उगाच वर गेलेलं दिसतं.

लॅब शक्यतो एकच ठेवा. मशीन आणि किट बदललं की नॉर्मल रेंजही थोडी बदलते. रिपोर्टवर छापलेल्या रेंजशीच ताडून बघा, नेटवर वाचलेल्या नाही.

सध्या सगळ्यात जास्त गोंधळ घालतात त्या केसांच्या गोळ्या. त्यांत बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असतं, आणि शरीराला रोज लागतं ३० च्या आसपास. बऱ्याच मशीनच्या टेस्टमध्येच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त येतं. रिपोर्ट हुबेहूब "डोस जास्त झाला" असा दिसतो, डॉक्टर डोस कमी करतात आणि पेशंट आणखी सुस्त होतो. गंमत म्हणजे केस गळतात म्हणून बायोटिन, आणि केस गळायचं कारण थायरॉईड. टेस्टच्या किमान दोन दिवस आधी बंद ठेवा, डोस फार मोठा असेल तर आणखी आधीपासून. आणि रक्त घेणाऱ्याला सांगा.

डेंग्यू, न्यूमोनिया, हॉस्पिटलात ॲडमिट, स्टिरॉइड चालू अशा काळातल्या टीएसएचवर नेहमीचा डोस ठरवू नका. बरं झाल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा करा.

पांढरीगोळी

एक रिपोर्ट समजत नाहीये. टीएसएच १८, आणि फ्री टी४ १.९, लॅबची वरची मर्यादा १.७. दोन्ही वर कसं? एक म्हणतं डोस कमी पडतोय, दुसरं म्हणतं जास्त होतोय.

लॅबवाली

याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे महिनाभर गोळ्या चुकवल्या आणि टेस्टच्या आधीचे चार-पाच दिवस अगदी प्रामाणिकपणे घेतल्या, कधी एकाला दोन. फ्री टी४ गेल्या काही दिवसांचं सांगतं आणि टीएसएच गेल्या पाच-सहा आठवड्यांचं. डायबेटिसवाले टेस्टच्या आधी दोन दिवस गोड सोडतात, त्यातलीच ही गत. रक्त द्यायच्या आधीच त्या दिवशीची गोळी घेतली असेल तरी टी४ थोडं वर दिसतं.

असा रिपोर्ट आला तर डोसला हात लावायचा नाही. दोन महिने गोळ्या नीट घेऊन पुन्हा टेस्ट. तरीही दोन्ही वरच राहिले तर मात्र एंडोक्रायनोलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे), कारण टेस्टला अडथळा आणणाऱ्या अँटिबॉडी किंवा पिट्यूटरीचे दुर्मीळ आजार तिथे तपासावे लागतात.

केळफूल

चहावर सगळे तुटून पडलेत, पण खरे गुन्हेगार दुसरे आहेत. लोह आणि कॅल्शियम यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तास हवेत, अर्ध्या तासाने भागत नाही. ते पोटातच थायरॉक्सिनला धरून बसतात. बाळंतिणीला लोह, कॅल्शियम आणि थायरॉईड तिन्ही लिहून दिलेलं असतं आणि ती बिचारी सगळं एकदम सकाळी गिळून मोकळी होते. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह आणि कॅल्शियम असतं, तेही त्यातच धरा.

यादीत आणखी : सुक्राल्फेटचं सिरप, ॲसिडिटीची पातळ औषधं, इसबगोल, सोया पावडर. ॲसिडिटीची गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, वेगळ्या प्रकारे नडते. थायरॉईडची गोळी विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि ते आम्लच कमी होतं, त्यामुळे वेळेचं अंतर ठेवून उपयोग नाही. ॲसिडिटीची ती गोळी रोजची सुरू झाली किंवा कायमची बंद झाली की ६-८ आठवड्यांनी टीएसएच करायचा.

वेळापत्रक असं बसतं : सकाळी ६ ला थायरॉईड, ७ ला चहा, नाश्ता नेहमीसारखा. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत, लोह संध्याकाळी. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नको, ते एकमेकांनाही नडतात.

अनुस्वार

सकाळच्या गोळीचा एवढा अट्टहास का, हे मला कळत नाही. रात्री झोपताना घ्या. २०१० साली नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात रात्री घेणाऱ्यांचा टीएसएच सकाळपेक्षा चांगला आला होता. सकाळी डबे, शाळेची बस, लोकल, त्यात तासभर चहाशिवाय थांबणार कोण?

केळफूल

तत्त्वतः मान्य. पण शेवटचं खाणं होऊन तीन तास व्हायला हवेत. आपल्याकडे साडेनऊला जेवण, साडेदहाला दूध किंवा बडीशेप-पान, अकराला झोप. पोट रिकामं होतंच कुठे? सातला जेवणाऱ्यांना रात्रीची वेळ मस्त. शिवाय रात्री घ्यायची तर जेवणानंतरचं कॅल्शियम दुपारी सरकवावं लागतं, हे सांगायचं राहूनच जातं.

अनुस्वार

पानाचा मुद्दा मान्य. :) चुना म्हणजे कॅल्शियमच.

खलबत्ता

मधल्या डोसचं लिहायचं राहिलं होतं. ५० कमी पडते आणि ७५ जास्त होते, ही नेहमीची तक्रार. आता ६२.५ आणि ८८ च्या गोळ्या मिळतात, पण लहान गावात दुकानदाराकडे २५, ५०, ७५, १०० एवढंच असतं. अशा वेळी रोजच्या ऐवजी आठवड्याचा हिशेब धरायचा. औषध रक्तात इतकं हळू उतरतं की एका दिवसाच्या चढउताराने काही बिघडत नाही.

रोज ५० म्हणजे आठवड्याला ३५०.
रविवारी दोन गोळ्या, बाकी दिवस एक : ४००, म्हणजे रोज सरासरी ५७.
सोम-बुध-शुक्र ७५, बाकी चार दिवस ५० : ४२५, म्हणजे सरासरी ६१ च्या जरा खाली.
रोज ७५ : ५२५.

"एक दिवसाआड" लिहून घेऊ नका, वार ठरवून घ्या. आठवड्यात सात दिवस आहेत, त्यामुळे दिवसाआडचं गणित दर आठवड्याला उलटतं आणि आज कोणती होती ते आठवत नाही.

चुकलेल्या गोळीचंही तसंच. त्याच दिवशी आठवलं तर पोट रिकामं असताना घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर साधारणपणे दोन घेतल्या तरी चालतात. हृदयविकारवाल्यांनी आणि वयस्करांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुप्पट करू नये.

गोळीचे तुकडे करायचे तर मधे रेघ असलेल्या गोळीचेच, आणि त्या-त्या दिवशी. महिनाभराच्या आधीच कापून डबीत ठेवल्या की भुगा होतो आणि हवा लागते. हे औषध उष्णता, दमट हवा आणि उजेड या तिघांनाही नाजूक आहे. बाटलीतली गोळी बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट. गॅसच्या ओट्यावर नको, बाथरूमच्या कपाटात नको, गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. जुलैत मुंबई-कोकणात उघड्या डबीतल्या गोळ्या मऊ पडतात, त्या टाकून द्या.

कंपनी बदलली की डोसचा आकडा तोच असला तरी शोषणात थोडा फरक पडू शकतो. दुकानदार "तेच आहे हो, कंपनी वेगळी" म्हणतो ते खोटं नाही, पण एकदा बदलली तर ६ आठवड्यांनी टीएसएच करा आणि मग तीच कंपनी धरून ठेवा. दर महिन्याला जी मिळेल ती, असं नको.

दूरदेशी

परदेशातल्यांसाठी भर. भारतातल्या रिपोर्टवर फ्री टी४ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतं, ब्रिटन-युरोपात पिकोमोल प्रति लिटरमध्ये. १२.८७ ने गुणा : १.२ म्हणजे साधारण १५.४. टीएसएचची एककं वेगळी दिसतात पण आकडा तोच राहतो. मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असेल तर ०.०५ म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, ०.१ म्हणजे १००. शून्य वाचण्यात चूक झाली तर दहापट डोस जातो, तिथे चष्मा लावा.

अमेरिकेत ताकदीनुसार रंग ठरलेले आहेत : २५ नारिंगी, ५० पांढरी, ७५ जांभळी, १०० पिवळी. भारतातून नेलेल्या गोळ्यांना तो नियम लावू नका, इथे रंगावरून काहीच ठरत नाही.

साबुदाणावडा

दोन प्रश्न. सासूबाई ७६ वर्षांच्या, टीएसएच ६.२, फ्री टी४ नॉर्मल, त्रास काही नाही. गोळी सुरू करावी का? आणि कोबी-फ्लॉवर बंद करायचा का?

खलबत्ता

आधी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट. असे किंचित वाढलेले आकडे बरेचदा आपोआप खाली येतात. या वयात ४ ते ६ चा टीएसएच तसाही खपवून घेतला जातो. ६५ वर्षांवरच्यांचा एक मोठा युरोपियन अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, ट्रस्ट नावाचा. अशा सौम्य वाढीत गोळी देऊनही थकव्यात किंवा लक्षणांत फरक पडला नाही. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला तर गोष्ट वेगळी. अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडीची टेस्ट) एकदा बघायला हरकत नाही, दरवर्षी करण्यात अर्थ नाही, त्यावरून डोस ठरत नाही.

कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खाऊ द्या.

केळफूल

या वयात जास्त डोसची भीती कमी डोसपेक्षा मोठी. टीएसएच ०.१ च्या खाली राहिला तर नाडी अनियमित होते, एट्रियल फिब्रिलेशन, आणि त्यातून पक्षाघाताचा धोका. पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात. डोस वाढवल्यावर धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, जुलाब, घाम असं काही सुरू झालं तर सहा आठवड्यांची वाट बघू नका, आधी फोन करा. छातीत दुखलं तर फोनही नको, थेट हॉस्पिटल.

लॅबवाली

गर्भारपणाचं कोणीच लिहिलं नाही, आणि थांबून चालत नाही अशी वेळ तीच. आधीपासून गोळी चालू असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह आल्या दिवशीच डोस २५-३० टक्क्यांनी वाढवावा लागतो. सोपा मार्ग : आठवड्याला सातच्या ऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन ठरलेल्या वारी दोन-दोन. डॉक्टरांशी हे आधीच, दिवस राहायच्या आधी, बोलून ठेवायचं. पहिले तीन महिने बाळाची सगळी मदार आईच्या थायरॉक्सिनवर असते, आणि नेमके तेच आठवडे अपॉइंटमेंटची वाट बघण्यात जातात.

मग दर चार आठवड्यांनी टीएसएच, निम्मे दिवस भरेपर्यंत. पुढे ३० व्या आठवड्याच्या सुमारास एकदा. आकडा २.५ च्या खाली ठेवतात. बाळंतपण झालं की डोस पुन्हा पूर्वीचा आणि सहा आठवड्यांनी टेस्ट. अंगावर पाजताना गोळी चालते.

याला जोडूनच एक. बाळंतपणात फार रक्त गेलं, नंतर दूध आलं नाही, पाळी परत आली नाही, प्रचंड थकवा आहे, आणि टीएसएच मात्र नॉर्मल. तिथे फसू नका. पिट्यूटरीलाच मार बसला असेल तर टीएसएच काही सांगत नाही, फ्री टी४ बघावं लागतं, आणि त्याआधी कॉर्टिसॉल (ॲड्रिनल ग्रंथीचं हार्मोन). कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉक्सिन सुरू केलं तर पेशंट कोसळू शकतो.

पांढरीगोळी

टीएसएच २ आहे तरी थकवा, वजन, केस सगळं तसंच असेल तर? एका यूट्यूबवाल्याच्या मते टीएसएच १ च्या खाली आणला की सगळं जातं, आणि टी३ (थायरॉईडचं दुसरं हार्मोन) पण घ्यायला हवं.

खलबत्ता

नाही. टीएसएच २ चा १ करून थकवा जात नाही, हे पुन्हा पुन्हा तपासून झालंय. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व, साखर बघा. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेची तपासणी. चाळिशीनंतर पाळीचे बदल, आणि नैराश्य, याकडेही बघायला हवं. शाकाहारी माणसाचा बी१२ न बघता थायरॉईडचा डोस वाढवणं म्हणजे आळस आहे, दुसरं काही नाही.

वजनाचं स्पष्टच बोलतो : थायरॉईडमुळे वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलो, त्यातही बरंचसं पाणी. बाकीचे पंधरा किलो गोळीने उतरणार नाहीत, आणि उतरवायला म्हणून डोस वाढवला तर आधी हृदय आणि हाडं झिजतील. केस मात्र सावकाश येतात, टीएसएच बसल्यावरही काही महिने जातात.

टी३ ची गोळी काही तासांत रक्तात उसळी घेते आणि दिवसभरात निम्मी होते. सगळं बसवूनही त्रास राहिलाच तर एंडोक्रायनोलॉजिस्ट मर्यादित काळ देऊन बघतात, पण सरसकट द्यावी असं मोठ्या संघटनांच्या मार्गदर्शक तत्त्वांत नाही. गरोदरपणात तर नकोच.

अनुस्वार

डोस अचानक कमी पडायला लागला तर नवं औषध कोणतं सुरू झालं ते बघा. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटचं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन थायरॉक्सिन लवकर संपवतात. गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही गरज वाढते. आणि वजनाच्या मानाने दर किलोला २ मायक्रोग्रॅमच्या वर डोस जाऊनही टीएसएच उतरत नसेल, गोळ्या नीट घेतल्या जात असतील, तर पोटाचा शोध घ्या : सीलिएक (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं तो आजार), एच. पायलोरी (जठरातला जंतू), जठराचा जुना दाह.

चहाबाज

शेवटचा प्रश्न. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवतात, तेव्हा गोळी घ्यायची की नाही?

खलबत्ता

घ्यायची, घोटभर पाण्यासोबत, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोस सांगून ठेवायचा. नंतर दोन-चार दिवस तोंडाने काही घेता आलं नाही तरी घाबरायचं कारण नाही, अंगात साठा असतो. पाच दिवसांच्या पुढे गेलं तर वॉर्डातल्या डॉक्टरांना आठवण करा, तेव्हा इंजेक्शनचा किंवा नळीतून द्यायचा विचार करतात. नळीतून दिली तर त्याच वेळी फीड सोडू नये, आधी-नंतर तासभर मोकळा ठेवायला सांगा.